लाळ द्यायची की स्वॅब?

"नाकात काडी नको, लाळेवर भागणार नाही का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणता विषाणू शोधायचाय? लाळेची टेस्ट सोपी म्हणून निवडणारे बरेच असतात, पण सोपेपणा हा निकष दुसरा. पहिला निकष म्हणजे तो विषाणू लाळेत सापडतो का आणि कधी सापडतो.

कोविडच्या बाबतीत दोन्ही नमुने जवळपास तुल्यबळ आहेत. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लाळेची आरटी-पीसीआर नाकाघशाच्या स्वॅबच्या फार मागे नसते. त्यानंतर मात्र साधारणपणे स्वॅब वरचढ ठरतो. स्वॅब घ्यायला शिकलेला हात लागतो, आणि काडी आत गेली की समोरचा शिंकतो, खोकतो. घेणाऱ्याला धोका तिथेच. लाळ ज्याची त्याने द्यायची. म्हणूनच वसतिगृह किंवा कारखान्यासारख्या ठिकाणी दर आठवड्याला तपासायचं असेल तर मी डोळे झाकून लाळ म्हणेन. येल विद्यापीठाच्या ज्या लाळ-पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ऑगस्ट 2020 मध्ये आणीबाणीची परवानगी दिली, तिच्यात तर विषाणूचं आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) वेगळं काढण्याची पायरीच गाळली होती. लाळेत प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालायचं, घुसळायचं, 95 अंश सेल्सिअसला पाच मिनिटं तापवायचं आणि थेट पीसीआरला लावायचं.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ट्यूब टेबलावर येते तेव्हा वर दोन बोटं फेस आणि तळाशी जेमतेम थेंबभर पाणी. फेस मोजायचा नसतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. कधी खाकरून काढलेला बेडका येतो. पिपेटने (मोजून द्रव ओढायच्या नळीने) ओढायला जावं तर तार निघते, टोक वर उचललं तरी तुटत नाही, आणि आत नेमकं किती गेलं ते देव जाणे. चहाचा रंग असलेली लाळही आम्ही पाहिली आहे. अशा नमुन्याचा रिपोर्ट 'इनव्हॅलिड' आला तर निदान पुन्हा तरी बोलावता येतं. खोटा निगेटिव्ह आला तर माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. म्हणून आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, च्युइंगम नाही, सिगारेट नाही. तोंडात आपोआप साठलेली लाळ हळूच ट्यूबमध्ये सोडायची. औषधांमुळे किंवा वयामुळे तोंड कोरडं पडत असेल तर हट्ट सोडा, स्वॅब द्या.

फ्लूला सरळ नाकाचा स्वॅब. डेंग्यूला रक्त.

गालगुंडात मात्र तोंडातलाच नमुना हवा. कानाखालची ग्रंथी साधारण 30 सेकंद चोळायची आणि गालाच्या आतून, जिथे तिची नळी उघडते तिथून, स्वॅब फिरवायचा. तोही सूज आल्यापासून तीन दिवसांत घेतलेला बरा.

नवजात बाळाला जन्मतःच सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आहे का, हे पाहायलाही लाळ सोयीची, कारण एवढ्याशा बाळाची लघवी गोळा करणं म्हणजे दिव्यच. दोन अटी आहेत. नमुना पहिल्या 21 दिवसांत घ्यायचा. उशीर झाला तर संसर्ग जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही. आणि दूध पाजून निदान तासभर जाऊ द्यायचा, कारण आईच्या दुधातूनही सीएमव्ही येतो. पॉझिटिव्ह आलं तर लघवीवर खात्री करून घ्यायची.

एचआयव्हीची तोंडातून होणारी टेस्ट लोक लाळेची समजतात, पण काडी फिरते हिरड्यांवर आणि शोधते शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी, विषाणू नव्हे. एफडीएने 2012 मध्ये अशी टेस्ट घरी करायला मान्यता दिली. अडचण वेळेची आहे. संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट विषाणूचा अंशही (अँटिजेन) शोधते, म्हणून बरीच आधी पकडते. धोका गेल्या महिन्यातला असेल तर रक्तच द्या.

ईबीव्हीसाठी (ग्रंथींचा ताप आणणारा एपस्टीन-बार विषाणू) लाळ तपासायला सांगितलं तर कारण विचारा. एकदा होऊन गेलेला हा विषाणू आयुष्यभर अधूनमधून लाळेत उतरतो. तो सापडला म्हणजे आजचा ताप त्याचाच, असं होत नाही.

आणि नमुना देण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून एवढं विचारा: तुमचं किट लाळेसाठी तपासून घेतलेलं आहे, की स्वॅबच्याच किटमध्ये लाळ घालता? उत्तर द्यायला तिकडचा माणूस घुटमळला, तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.