विलो केबलवर घ्यावं की इंटरनेटवर?

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या शनिवारच्या टेनिस बॉल टीममध्ये दर मार्चला हा प्रश्न निघतो. विलो म्हणजे अमेरिकेतलं क्रिकेटचं चॅनेल. आयपीएल आठवड्यावर आलेली असते. भारतातून नुकताच आलेला एखादा भिडू बॅटला ग्रिप चढवता चढवता विचारतो, "विलो कुठून घेऊ?" मग बॅटिंगची वाट बघत बसलेले सगळे एकदम बोलायला लागतात.

मी दोन्ही करून बसलोय. तीन वर्षं इंटरनेटवरच्या एका पॅकेजमधून बघितलं, २०२४ च्या उन्हाळ्यानंतर केबलवर आलो. दोन्हीकडे चॅनेल तेच, कॉमेंट्री तीच. विलो आधी नुसती वेबसाइट होती, २०१० मध्ये टीव्हीवर आली, आता टाइम्स समूहाकडे आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत असतंच. लॅपटॉपला वायर जोडून मॅच बघितलेल्या जुन्या मंडळींना अमेरिकेत चोवीस तास क्रिकेट दाखवणारं चॅनेल आहे यातच समाधान असतं. नव्यांना सगळंच कमी वाटतं. प्रक्षेपणाचे हक्क दुसरीकडे गेले तर मात्र दोघांचाही इलाज नाही. २०२३ चा विश्वचषक इथे ईएसपीएन प्लसवर होता, तेव्हा केबलवाले आणि ॲपवाले सारखेच कोरडे राहिले. त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

इंटरनेटच्या बाजूने बोलायचं तर पैशाचा हिशेब सरळ आहे. मार्चअखेर चालू करा, मेअखेरीला बंद करा, कुणाला फोन करावा लागत नाही. केबलचं तसं नाही. बॉक्सचं भाडं वेगळं, दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, आणि बिलात स्थानिक खेळांच्या चॅनेलचा आकार, म्हणजे जे बेसबॉल मी बघत नाही त्याचेही पैसे. आणि बंद करायला फोन केलात की पलीकडचा माणूस तुम्हाला सोडतच नाही. मी एकदा स्पीकरवर टाकून आख्खी भांडी घासून घेतली.

शिवाय ॲप खिशात असतं. ६ जून २०२४ ला, गुरुवारी दुपारी, डॅलसजवळ टी-ट्वेंटी विश्वचषकातला अमेरिका-पाकिस्तान सामना सुपर ओव्हरमध्ये गेला तेव्हा मी ऑफिसात होतो. आपल्या मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, स्वतः इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, अठरा धावा वाचवायला उभा. मीटिंगरूममध्ये फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून आम्ही चौघांनी ती ओव्हर बघितली. आमच्यातल्या एका अमेरिकनाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तोही उभा राहून बघत होता. केबलच्या बॉक्सवर ती ओव्हर मला त्या दिवशी ऑफिसात दिसली नसती, हे मान्य.

पण त्याच महिन्याच्या २९ तारखेला माझं मत फिरलं.

फायनल, बार्बाडोस. इथे शनिवार, दुपारचे दोन वाजून गेलेले, आमच्या तळघरात दहाबारा जण, पोह्यांची रिकामी ताटं सोफ्याखाली सरकवलेली. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला सोळा हव्यात, समोर मिलर. हार्दिक अजून रनअपच्या टोकाला उभा होता आणि खोलीतले फोन एकदम थरथरले. पुण्याच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं होतं: "सूर्याऽऽऽऽ". कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. मग हार्दिकने बॉल टाकला, मिलरने उचलला, आणि सूर्यकुमार सीमारेषेवर धावत गेला. बॉल झेलला, बाहेर जाताना वर उडवला, आत येऊन परत पकडला. इतका अफाट कॅच मी थेट बघितला आणि तो हायलाइट्स बघितल्यासारखा बघितला. आम्ही ओरडलो, नाही असं नाही. पण तो "जातोय, जातोय, सिक्स" असा पोटात खड्डा पडायला हवा होता, तो पडलाच नाही.

हा उशीर नेमका किती, ते मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. भारतातल्या दादाशी फोनवर बोलताना तो "अरे!" म्हणाला, की मी बिस्किट चहात बुडवून, खाऊन, कप खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे विकेट पडायची. अर्धा मिनिट तरी नक्की. कारण साधं आहे. इंटरनेटवर चित्र काही सेकंदांचे तुकडे करून येतं, आणि मध्येच अडकू नये म्हणून प्लेअर दोनचार तुकडे हाताशी जमवून मगच दाखवायला लागतो. म्हणजे चित्र न अडकण्याची किंमत आपण उशिरात मोजतो. केबलवरही उशीर आहेच, पण माझ्या घरी तो दादाच्या पुढच्या वाक्याइतका. तो "अरे" म्हणतो आणि तेवढ्यात मलाही दिसतं.

"मग फोन बाजूला ठेव की," असं आमचा विकेटकीपर म्हणतो. ठेवून बघितला. पण आमच्या टाउनहाऊसची भिंत सामाईक आहे आणि पलीकडचे तेलुगू शेजारी केबलवाले. चेन्नई-मुंबई मॅचला भिंतीपलीकडून आरोळी आली की आमच्याकडे बोलर चेंडू पँटला घासत असायचा. माझी मुलगी तर त्यांच्या ओरडण्यावरून चौकार की विकेट ते सांगायला शिकली होती. आणि खरं सांगायचं तर फोन बाजूला ठेवून मला मॅच बघायचीच नाहीये. घरापासून साडेनऊ तास मागे राहून क्रिकेट बघण्यात मजा असते ती ग्रुपवर दादा, मामा आणि शाळेतला बाब्या एकाच वेळी शिव्या घालतात त्यात. त्यांच्या अर्धा मिनिट मागे राहिलो तर मी नुसता वाचक.

केबलचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा त्यांना चॅनेलचा नंबर कागदावर लिहून दिला, विषय संपला. इंटरनेटच्या रिमोटवर नुसते बाण. मागच्या खेपेला ते तीनदा एका कोरियन मालिकेत जाऊन पोचले होते.

केबलचं रेकॉर्डिंग मात्र सांभाळून करा. सामना लांबला की ते ठरल्या वेळी बंद पडतं आणि नेमक्या शेवटच्या दोन ओव्हर खातं. सेटिंगमध्ये जाऊन एक तास वाढवून ठेवायचा. मेलबर्नच्या कसोटीला, जी इथे नाताळच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, मी सरळ दोन तास वाढवतो.

तुमच्या घरचं इंटरनेट माझ्यापेक्षा चांगलं असेल, किंवा एव्हाना त्या पॅकेजवाल्यांनी उशीर कमीही केला असेल. एकटे राहत असाल, ऑफिसातून बघत असाल, फक्त आयपीएलपुरतंच हवं असेल, तर केबलच्या भानगडीत पडा असं मी म्हणणार नाही. पण घरी ग्रुप जागा असेल आणि शेजारी देशी असतील, तर आधी एक मॅच आमच्याकडे येऊन बघा. फोन चालू ठेवूनच या. आणि केबल घेतलीतच तर बॉक्स एकच मागा, ते दोन गळ्यात मारायला बघतात.