दंडावरची काळी फीत की शाळेचं वृत्तपत्र?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत विद्यार्थ्याला आपलं म्हणणं मांडायचं असेल, तर ते स्वतःच्या अंगावर मिरवावं की शाळेच्या वृत्तपत्रात छापावं? कायद्याच्या नजरेत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डिसेंबर १९६५मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत आली. मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची. ना घोषणा, ना दंगा. तरी शाळेने निलंबित केलंच. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांची बाजू उचलून धरली. शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल, तरच मनाई करता येईल. गडबड होईल अशी नुसती धास्ती पुरेशी नाही.

वृत्तपत्राचा मामला वेगळा. मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९८३मध्ये ‘स्पेक्ट्रम’ या शाळेच्या वृत्तपत्राची दोन पानंच काढून टाकली. विषय होते विद्यार्थिनींचं गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी शाळा जिंकली. अंक पत्रकारितेच्या वर्गाचा, नाव शाळेचं. मग रास्त शैक्षणिक कारण दाखवलं की कात्री चालते.

मला हा दुसरा निकाल खुपतो. युद्धावर बोलायला मुभा, आणि बाजूच्या बाकावरच्या मुलीवर काय गुदरतंय ते लिहायला मनाई! कॅलिफोर्नियात मात्र राज्याचाच कायदा विद्यार्थी-पत्रकारांना जास्त संरक्षण देतो. तसा कायदा नसलेल्या राज्यात नाजूक विषय असेल, तर मी फीतच निवडेन.