पॅटागोनियात मुक्काम कुठे? माद्रिन, नातालेस की उशुआया

पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक, अर्जेंटिना आणि चिलीत विभागलेलं. तिथलं कोणतं गाव धरायचं, हे सुट्टी कधी मिळते त्यावर ठरवा. तिथले ऋतू आपल्या उलटे: आपला मे म्हणजे तिथे हिवाळ्याचं तोंड, आपली दिवाळी म्हणजे तिथला वसंत. नागपूरच्या सहली मुलांच्या सुट्टीवर हलतात, म्हणून आधी कॅलेंडर उघडा.

दिवाळीची सुट्टी असेल तर अर्जेंटिनातलं पुएर्तो माद्रिन, फार विचार करू नका. शेजारचं वाल्देस द्वीपकल्प 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सदर्न राइट व्हेल जूनपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या आखातांत असतात, ऑक्टोबरात किनाऱ्यावर एलिफंट सीलचा विणीचा हंगाम भरात असतो आणि दक्षिणेला पुंता तोंबोच्या वसाहतीत मॅगेलॅनिक पेंग्विन अंड्यांवर बसलेले असतात. म्हणजे तिन्ही एकाच फेरीत. व्हेलच्या बोटी माद्रिनहून नाही, शंभरेक किलोमीटरवरच्या पुएर्तो पिरामिदेसहून सुटतात. वारा वाढला की बंदर बंद करतात आणि त्या दिवशीची बोट गेली, म्हणून एक दिवस मोकळा ठेवाच. द्वीपकल्पावरचे आतले रस्ते खडीचे आहेत, अंतरं लांब आहेत. एका दिवसात सगळी टोकं उरकणारा आपला नेहमीचा बेत इथे अंगाशी येतो.

मार्च-एप्रिलमध्ये याच द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, पुंता नॉर्तेला, ऑर्का (किलर व्हेल) किनाऱ्यावर चढून सी लायनची पिल्लं उचलतात. दृश्य जगात क्वचित दिसणारं, पण ते भरतीवर आणि नशिबावर. फक्त त्यासाठी एवढे पैसे घालू नयेत, असं माझं मत. आणखी एक: माद्रिनभोवती सपाट, कोरडं झुडपी माळरान आहे. हिमनद्यांच्या फोटोंवर भाळून निघाला असाल तर हिरमोड होईल.

डोंगर हवेत, मोठं मांजर हवं, तर चिलीतलं पुएर्तो नातालेस. इथून तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान गाठतात. ग्वानाकोचे (लामाच्या जंगली भाऊबंदांचे) कळप, शहामृगासारखा ऱ्हिया पक्षी, डोक्यावर तीन मीटर पंखांचा कॉन्डोर गिधाड आणि त्यांच्यात प्यूमा. ताडोबावाल्यांना खरा फरक इथे जाणवतो. मोहर्लीला जिप्सीतून पाय खाली ठेवता येत नाही. इथे उद्यानाच्या पूर्वेकडच्या खासगी कुरणांवर ट्रॅकरसोबत पहाटे चालत प्यूमा शोधतात. त्याच्याहून मोठा शिकारी त्या भागात नाही, कुरण उघडं आहे, त्यामुळे दिसला की बराच वेळ दिसतो. ट्रॅकर महाग पडतो, पण इथे कंजुषी करायची तर मग नातालेसला जाताच कशाला?

वाऱ्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या हंगामात, ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत येतात. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा. भाड्याच्या गाडीचं दार वाऱ्यानं उलटं वाकलं तर विमा भरतो का, हे करारात आधी वाचा. हिवाळ्यात वारा पडतो आणि गर्दीही, पण दिवस आखूड होतो.

नातालेसला जाणाऱ्यांनी बसनं तीनेक तासांवरचं पुंता आरेनास जोडून घ्यावं. तिथून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या माग्दालेना बेटावर पेंग्विन बघायला बोटी जातात, पण फक्त उन्हाळ्यात. प्यूमा आणि पेंग्विन, दोन्ही एकाच देशात, एकाच व्हिसावर.

आता अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाबद्दल थोडक्यात. ‘जगाचं शेवटचं टोक’ या पाटीपुढचा फोटो छान येतो, बीगल खाडीत सी लायन आणि कॉर्मोरंट दिसतात, मार्तियो बेटावर मॅगेलॅनिकसोबत थोडे जेंटू पेंग्विनही आहेत. पण बहुतेक बोटी तिथे उतरवत नाहीत, डेकवरूनच बघायचं. अंटार्क्टिकाचं जहाज पकडणार असाल तर हे गाव वाटेतच आहे. नुसत्या प्राण्यांसाठी एवढं दक्षिणेला उतरायची गरज नाही.

उरली आपली हक्काची मे महिन्याची सुट्टी. तेव्हा पेंग्विन समुद्रात निघून गेलेले असतात आणि व्हेलचा हंगाम नीट सुरू झालेला नसतो. प्यूमा मात्र बारमाही. पंचेचाळीस अंशांतून उठून शून्याच्या आसपास उतरायची तयारी असेल तर नातालेस, नाहीतर पैसे दिवाळीपर्यंत राखून ठेवा.

दोन्ही देश एकत्र करायचे असतील तर अर्जेंटिनातल्या एल कालाफाते गावाहून नातालेसला बस आहे, पाच-सहा तासांची. व्हिसा दोन्हींचे लागतात, नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. आणि चिलीच्या सीमेवर ताजी फळं नेऊ देत नाहीत, न सांगता नेलीत तर दंडही होतो. बॅगेतली संत्री अर्जेंटिनातच संपवा.