सरड्याची धाव काचेपर्यंत: बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लासोबत नागपुरात आठ महिने

नागपुरात सरड्याला थंडी वाजते असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण ऑक्टोबरात आणलेलं आमचं बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे दाढीवाल्या सरड्याचं, पिल्लू पहिले सहा दिवस जवळपास उपाशी राहिलं ते थंडीनंच.

आणलं तेव्हा शेपटीसकट १५ सेंटिमीटर आणि वजन १४ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. दाढी आहे म्हणून नाव पडलं बुवा. आई दारातच म्हणाली, "काहून रे, घरात सरडा पोसते का कोणी?"

पेटी सुताराकडून करून घेतली. ४ बाय २ बाय २ फूट, प्लायची, समोर सरकत्या काचा, वर जाळी. दुकानदार वाळू गळ्यात मारत होता. घेतली नाही ते बरं झालं. पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतं आणि पोट तुंबतं. खाली साधी टाइल आणि टिश्यू पेपर, आठ महिने तेच चाललंय.

आता ते सहा दिवस. दिवसाला दोन-तीन रातकिडे कसेबसे खायचा, पोटावर काळ्या रेघा, कोपऱ्यात चिकटून बसायचा. मी घाबरून दर तासाला काच सरकवून बघायचो, हातात घ्यायचो. दोन्ही चुका. नवीन जागेत आलेल्या पिल्लाला पहिला आठवडा हात लावायचा नसतो. खायला ठेवायचं, घाण काढायची आणि बाजूला व्हायचं. पण खरा घोळ वेगळाच होता. पेटीसोबत मिळालेला काचेवर चिकटवायचा गोल थर्मामीटर ३८ दाखवत होता. मित्राकडून इन्फ्रारेड गन आणून बल्बखालच्या दगडावर धरली, तर ३१! पिल्लाला ऊन खायच्या जागी ४० ते ४२ अंश लागतात. तेवढी ऊब अंगात गेल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही, म्हणून ते खातच नाही. बल्ब चार इंच खाली घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा दगडावर पसरला, तोंड उघडं टाकून बसला (धाप नव्हे, जास्तीची उष्णता असा बाहेर टाकतो) आणि एका बैठकीत १९ रातकिडे हाणले. थंड बाजू मात्र २७-२८ हवी, म्हणजे नको झालं की त्याला तिकडे सरकता येतं.

ट्यूबमध्ये काटकसर करू नका. मी टी-५ प्रकारची (बारीक) लांब यूव्हीबी ट्यूब लावली, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही; पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, रोज १२ तास. खिडकीतल्या उन्हावर भागत नाही, काच यूव्हीबी अडवते. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर जाळीच्या टोपलीत अर्धा तास न्यायचो, निम्म्या टोपलीवर सावली धरून. काचेची पेटी मात्र उन्हात कधीच ठेवू नका, आत भट्टी होते.

खाणं. पिल्लू मुख्यतः किड्यांवर वाढतं, भाजी चवीपुरती. मोठं झालं की हे उलटतं. पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे उचलायचेच, रात्री ते पिल्लालाच कुरतडतात. खायला घालण्याआधी किड्यांना दिवसभर गाजर-पाला चारायचा, मग डब्यात कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे. बागेतले नाकतोडे आयते मिळतात, पण कोणत्या फवारणीतून आलेत कोण जाणे.

रातकिड्यांबद्दल माझी तक्रार आहे. एकदा डबा कलंडला आणि चार रात्री फ्रिजमागून किर्र आवाज. आईनं तेव्हा जे बोललं ते इथे लिहीत नाही. मार्चनंतर कुरिअरनं मागवलेली दोन पार्सलं अर्धी मेलेली आली. विकणाऱ्यानं "तुमच्याकडचं ऊन" म्हणून हात झटकले. मग डुबियावर आलो. आहे झुरळच, पण आवाज नाही, गुळगुळीत डब्याबाहेर चढत नाही, घरीच वाढतं. घरात मी त्याला 'डुबिया'च म्हणतो, झुरळ हा शब्द काढत नाही.

भाजीत शेवग्याचा कोवळा पाला आणि किसलेला लाल भोपळा हमखास चालतो. जास्वंदाच्या फुलासाठी तर वेडा आहे. पालक टाळतो, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. संत्रं नागपूरचं असलं तरी नाही, आंबट फळ त्याला सोसत नाही.

डिसेंबरच्या रात्री पेटी १८च्या खाली जाऊ लागली, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावला. काम झालं. अवघड गेला तो मे. बाहेर ४५, खोलीत ३८, आणि थंड बाजू नावालाच थंड. कूलर लावला तर खोली दमट. बुवाला हवा कोरडी लागते, आर्द्रता ४०च्या आसपास, आणि कूलरसमोर मीटर ७० दाखवत होता. शेवटी कूलर हॉलमध्ये, पेटी एसीच्या खोलीत, आणि दुपारी ऊन देणारा बल्ब डिमरवर उतरवलेला. लाइट गेली की पेटीच्या काचा उघड्या टाकायच्या आणि एकानं तिथेच बसायचं. वीजबिलाचा आकडा बायकोनं पाहिला आहे, मी विचारलेला नाही.

डॉक्टरांकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा शी तपासायला. पहिल्यांदा जंत निघाले, औषधानं गेले. शहरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सरड्याला हात लावणारे शोधावे लागतात. पिल्लू आणण्याआधी शोधा.

आज बुवा ४१ सेंटिमीटर, ३१० ग्रॅम. खांद्यावर बसून टीव्ही बघतो. जास्वंद रोज सकाळी आईच तोडून आणते, "त्या सरड्याले" म्हणून. पावसाळ्याचा अनुभव अजून यायचा आहे. ट्यूबवर मार्करनं तारीख घालून ठेवलीय. ऑक्टोबरात बदलणार, तेव्हा ती कितीही लख्ख पेटत असली तरी; उजेड राहतो, यूव्हीबी मात्र ओसरतं.