मोबी डिक पेपरबॅक: शेवटचं पानच गायब (३ स्टार)
आधीच सांगते, खाली शेवट फोडलाय, ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

हर्मन मेलव्हिलचं हे पुस्तक ऑनलाइन मागवलं. १३५ चॅप्टर, मला दीड महिना लागला, देवमाशांचे प्रकार सांगणारा तो लांबलचक चॅप्टर तर ढकलत ढकलत संपवला. शेवटी देवमासा जहाज बुडवतो, कॅप्टन एहॅब जातो, सगळे जातात, वर समुद्र तसाच. संपलं. मी म्हटलं भारीच, पण मग ही गोष्ट सांगतोय कोण, गोष्ट सांगणारा इश्माएलही त्याच जहाजावर होता ना?

मग प्रस्तावना वाचली (मी ती कायम शेवटीच वाचते, हे अभ्यासक लोक पहिल्या पानावर सगळं सांगून मोकळे होतात) तेव्हा कळलं की पुढे एक छोटासा उपसंहार असतो, त्यात इश्माएल एका शवपेटीच्या आधाराने तरंगत एकटाच जिवंत राहतो. माझ्या कॉपीत ते पानच नाही!!

आणि गंमत म्हणजे १८५१ मध्ये लंडनला अगदी हेच झालं होतं. ऑक्टोबरमध्ये तिथे 'द व्हेल' नावाने तीन खंडांत पुस्तक आलं आणि त्यात उपसंहार छापायचाच राहिला, का राहिला हे आजही नक्की सांगता येत नाही. तिथल्या समीक्षकांनी धरलं, सगळे मेले तर सांगणारा कसा जिवंत? न्यूयॉर्कची आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली, तिच्यात उपसंहार होता, पण लंडनची वाईट परीक्षणं अमेरिकन पेपरांनीही उचलून छापली. म्हणजे माझ्यासारख्याच अर्धवट कॉपीवर लोकांनी एक-दोन स्टार दिले आणि भोगलं लेखकाने.

नुसतं तेच कारण नव्हतं म्हणा, पुस्तकच त्या काळच्या वाचकाला झेपणारं नव्हतं. १८४६ च्या 'टायपी' या पुस्तकाने मेलव्हिलचं नाव झालेलं, लोकांना तशाच बेटांवरच्या गमतीजमती हव्या होत्या आणि याने हे लिहिलं. अमेरिकेत या पुस्तकाचे त्याला आयुष्यभरात मिळून ५५६ डॉलर आणि काही सेंट मिळाले. पुढच्या वर्षीचं 'पिएर' तर साफ आपटलं, १८५३ मध्ये प्रकाशकाकडे आग लागून न खपलेल्या प्रती जळाल्या, मग मासिकांसाठी कथा लिहिल्या, गावोगावी जाऊन व्याख्यानं दिली, त्यातूनही फार काही सुटलं नाही. शेवटी १८६६ पासून न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये इन्स्पेक्टर, दिवसाला चार डॉलर, १९ वर्षं. आणि हा माणूस त्या नोकरीत असतानाही कविता लिहीत होता, 'क्लॅरेल' नावाचं भलंमोठं काव्य मामाच्या पैशाने १८७६ मध्ये छापलं. १८९१ ला गेला तेव्हा फारसं कोणाच्या लक्षातही नव्हता, 'मोबी डिक'ची खरी चर्चा सुरू झाली ती १९२० च्या आसपास.

हे सगळं या प्रस्तावनेतून कळलं, त्यासाठी पूर्ण मार्क. टिपा मागे दिल्यात, सारखं बोट घालून ठेवावं लागतं, आणि अक्षर इतकं बारीक की रात्री वाचूच नका. कागद ठीक. शेवटचं पान सोडून बाइंडिंगही मजबूत आहे, हसू येतं पण खरंय.

रिटर्न टाकलंय. कारणांच्या यादीत 'गोष्ट सांगणारा मेला' असं काही नव्हतं, 'खराब माल' वर टिक केलं.