शाळेच्या जुन्या ट्रॅक मीट्स शोधायच्यात: ऑनलाईन पेपर की मायक्रोफिल्म?

अमेरिकेतल्या हायस्कूल ट्रॅक मीट्सचा (धावणं, उड्या, फेकीच्या स्पर्धांचा) अगदी सुरुवातीचा काळ, म्हणजे साधारण १८९० ते १९२०-२५, खणायला बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की घरबसल्या जुने पेपर ऑनलाईन सर्च करायचे की लायब्ररीत जाऊन मायक्रोफिल्मची, म्हणजे जुन्या पेपरांच्या बारीक फोटोंची, रिळं फिरवायची. दोन-अडीच वर्षं मी दोन्ही केलंय म्हणून लिहितोय. तुमचं राज्य, तुमची शाळा वेगळी असेल तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकतो, हे आधीच सांगतो.

मी यात पडलो मुलीमुळे. ती इथे विस्कॉन्सिनमध्ये हायस्कूलला हर्डल्स पळते, आणि हर्डल्स म्हटलं की आपल्या माणसाला नॉर्मन प्रिचर्ड आठवतोच, १९०० चं पॅरिस, खाशाबांच्या आधी ५२ वर्षं, २०० मीटर हर्डल्सला रौप्य. त्या शर्यतीत प्रिचर्डच्या पुढे जो होता तो ॲल्विन क्रेन्झलाइन. त्याचा टाइम २५.४, प्रिचर्डचा २६.६. हा क्रेन्झलाइन आमच्या इथल्या मिलवॉकीच्या हायस्कूलमधून आलेला, आणि १८९५ च्या विस्कॉन्सिनच्या शालेय स्पर्धेत त्याने एकट्याने पाच प्रकार जिंकले होते, धावणं, दोन्ही हर्डल्स, उंच उडी आणि वर गोळाफेकसुद्धा. पॅरिसला चार सुवर्णं नेणारा माणूस पाच वर्षं आधी शाळेच्या मीटमध्ये गोळा फेकत होता हे वाचलं आणि मग मला चैन पडेना, आमच्या गावच्या शाळेच्या मीट्स कधी सुरू झाल्या, कोण पळलं, सगळं बघायचंच असं ठरवलं.

सुरुवात अर्थातच ऑनलाईनने. क्रॉनिकलिंग अमेरिका ही जुन्या पेपरांची साईट फुकट आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेसचं आहे, रात्री पोरं झोपल्यावर चहा घेऊन बसता येतं. मोठ्या मीट्ससाठी खरंच उत्तम. पेन रिलेज ही फिलाडेल्फियाची मोठी स्पर्धा १८९५ ला सुरू झाली, शिकागो युनिव्हर्सिटीत स्टॅग कोचनी १९०२ पासून देशभरातल्या शाळकरी पोरांची मीट भरवली, अशा गोष्टींवर इतक्या पेपरांनी इतकं छापलंय की कुठल्या तरी पेपरात सर्चला सापडतंच. १९३३ ला जेसी ओवेन्सने हायस्कूलमध्ये असताना शिकागोत १०० यार्ड ९.४ मध्ये मारले, त्याच्या बातम्या तर हव्या तेवढ्या. तुम्हाला अशा नावाजलेल्या मीट्सवरच लिहायचं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ऑनलाईन पुरेल.

पण गावातली मीट शोधायला गेलात की एक त्रास सुरू होतो, आणि माझा निर्णय त्यानेच झाला. सर्चने 'काही सापडलं नाही' असं सांगितलं की आपण 'तसं काही झालंच नाही' असं धरून चालतो. मी आमच्या शाळेचं नाव आणि 'ट्रॅक मीट' असं घालून १९१० च्या आधीची सगळी वर्षं चाळली, शून्य. मुलीच्या कोचना सांगूनही टाकलं की शाळेची पहिली मीट १९१० नंतरचीच दिसतेय. त्यांनी ते शाळेच्या एका कार्यक्रमात सांगितलं. पुढे चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी एक रीळ लावलं होतं आणि फिरवता फिरवता मे महिन्याच्या एका सोमवारच्या पानावर आमची शाळा दिसली, आठ वर्षं आधीची, शेजारच्या गावाबरोबरची मीट, सगळ्या प्रकारांचे निकाल. खूप वाईट वाटलं, कोचना फोन करून चूक कबूल केली.

घरी येऊन तेच पान ऑनलाईन काढलं. पान होतं! फक्त सर्चला दिसत नव्हतं. तेव्हा कळलं की भानगड कुठे आहे. एक तर त्या बातमीत 'ट्रॅक मीट' हा शब्दच नव्हता, 'फील्ड डे' होता, त्या काळी तसंच म्हणायचे. दुसरं, 'इंटरस्कोलॅस्टिक' (शाळा-शाळांमधली) हा भला लांब शब्द, पेपरचा कॉलम बोटभर रुंद, त्यामुळे 'इंटर' एका ओळीत आणि 'स्कोलॅस्टिक' पुढच्या ओळीत, पानाच्या फोटोवरून मजकूर वाचणाऱ्या मशीनला तो एक शब्द आहे हे समजतच नाही. आणि तिसरं म्हणजे टायमिंग. तेव्हाची स्टॉपवॉच सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत दाखवायची म्हणून पेपरात १० २-५ (दहा सेकंद आणि वर दोन पंचमांश) असं छापायचे, मशीनने त्याचं १०२५ केलं होतं आणि विजेत्याच्या आडनावाला शेजारच्या कॉलममधली लोण्याच्या जाहिरातीची ओळ चिकटवून ठेवली होती. असल्या मजकुरात सर्चने शोधणार तरी काय.

मायक्रोफिल्मचे तोटे मला मान्य आहेत. लायब्ररीच्या वेळा सांभाळायच्या, तासभर ड्राइव्ह, पार्किंग शोधायचं, रीळ भरभर फिरवलं की डोकं गरगरतं (गाडी लागणाऱ्यांनी सावकाश फिरवा), काही रिळांवर इतके ओरखडे असतात की निकालाची नेमकी ओळच गेलेली असते. पण मॅडिसनला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत जुन्या पेपरांचा प्रचंड साठा आहे, आणि तिथे बसलं की पानं ओळीने समोर येतात, कुठलाही शब्द आधी ओळखावा लागत नाही. शनिवारी मीट, सोमवारी निकाल, पण बुधवारी परत एक छोटी बातमी, की अमुक शाळेने तक्रार केलीय, समोरच्या शाळेचा पोरगा त्या शाळेत शिकतच नाही. ही बुधवारची बातमी मी सर्च करून कधीच मिळवली नसती कारण ती आहे हेच मला माहीत नव्हतं. माझ्या वहीतल्या निम्म्याहून जास्त चांगल्या नोंदी अशा न शोधता सापडलेल्या आहेत.

त्या काळच्या छापील वार्षिकांबद्दलही लोक विचारतात. स्पाल्डिंगची ॲथलेटिक अल्मनॅक वगैरे स्कॅन करून ठेवलेली आहेत, मोठ्या मीट्सचे आकडे पडताळायला चांगली, पण मुखपृष्ठावरचं साल आणि आतल्या मीट्सचं साल यात एक वर्षाचा फरक असतो, १९०५ च्या अंकात १९०४ चं सेंट लुइस ऑलिंपिक आहे. नोंद करताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर पूर्ण तक्ता एक वर्षाने सरकतो.

मुलींच्या मीट्स शोधणाऱ्यांना एक सांगतो. शाळांमधल्या मुलींच्या खेळाला खरा जोर १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर (शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणारा कायदा) आला, आणि क्रॉनिकलिंग अमेरिकातले पेपर १९६३ पर्यंतचेच, म्हणजे तिथे एक तर पैसे भरून दुसरी साईट घ्या नाहीतर रीळ आहेच.

ज्यांच्या गावापासून लायब्ररी फार लांब आहे किंवा जे भारतातून शोधताहेत त्यांना मी रीळच बघा असं कसं सांगणार, त्यांनी ऑनलाईनच करावं, फक्त सर्चच्या खिडकीवर थांबू नये. तारखेने पेपर उघडायचा आणि मे महिन्यातल्या प्रत्येक शनिवारनंतरचे तीन-चार दिवस पान-पान उलटायचं, म्हणजे घरबसल्या रीळ फिरवल्यासारखंच होतं. बाकीच्यांनी निदान एक शनिवार काढून बघा. जाण्याआधी फोन करून मशीन चालू आहे ना ते विचारा, पेन ड्राइव्ह न्या, आणि पहिलं रीळ एप्रिल-मेचं मागा, शाळांचा सीझन तेव्हाच असायचा.