सनफिश की लेझर? पहिली बोट घेताना

शिकायला छोटी सेलबोट हवीय, बजेट बेताचं आहे आणि जुनी फायबरग्लासचीच बघताय, तर अमेरिकेत शोधाशोध करून शेवटी बहुतेक या दोघींपाशीच येऊन थांबता. मी न्यू जर्सीत असतो, स्प्रूस रनच्या तलावावर एका मित्राची लेझर अख्खा सीझन चालवली आणि मग स्वतःसाठी सनफिश घेतली. दोघींची लांबी जवळपास तेवढीच, शीडही 75-76 स्क्वेअर फुटाचं, त्यामुळे आकडे बघून काही ठरत नाही.

लेझर पळते मस्त. 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे ती काही उगाच नाही. वाऱ्याच्या तोंडावर चढायला सनफिशपेक्षा बरीच चांगली, शिवाय वजनाने हलक्या माणसाला त्याच बोटीवर छोटं शीड लावता येतं, ही मोठी सोय आहे. रेसिंगचं डोक्यात असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण मला एक गोष्ट शेवटपर्यंत खटकली, लेझरचं शीड पाण्यात असताना खाली घेता येत नाही. ते मोज्यासारखं डोलकाठीवर चढवलेलं असतं, उतरवायचं तर काठीच उपसावी लागते. म्हणजे तुम्ही दमून रॅम्पला येता, वारा मागून, शीड फडफडतंय, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) इकडून तिकडे फिरतोय, मागे दोघं ट्रेलर लावून थांबलेत आणि तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात एका हाताने बोट धरून उभे. एकदा तो बूम माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानाला घासून गेला. लागलं नाही फारसं, पण माझं त्याच दिवशी ठरलं.

सनफिशला दोरी सोडली की शीड दोन सेकंदांत मांडीवर. आपल्या कोकणातल्या जुन्या मचव्यांना असायचं ना, तिरक्या दांड्यावरचं तिकोनी शीड, तोच प्रकार. मागच्या जुलैत अचानक काळं भरून आलं तेव्हा मी शीड पाडलं आणि पोराला घेऊन वल्ह्याने आरामात काठाला आलो. लेझरमध्ये हे मला जमलं असतं असं वाटत नाही, सरावलेल्यांना जमतही असेल. आणि सनफिशला पाय ठेवायला खोलगट जागा आहे, त्यात मूल बिनधास्त बसतं.

तिच्यातही खोट आहेच, एका बाजूच्या वाऱ्यात शीड डोलकाठीला चिकटतं आणि बोट जरा मंदावते, पण शिकताना ते जाणवत नाही. खरी काळजी घ्यायची ती जुन्या सनफिशच्या पोटातल्या फोमची, तो वर्षानुवर्षं पाणी पितो. नुसता हल, म्हणजे डोलकाठी-शीड काढलेलं बोटीचं धड, साधारण 130 पाउंडांचा असायला हवा, मी पाहिलेली पहिली बोट दोघांना उचलेना, तशी सोडूनच दिली. बघायला जाताना घरातला वजनकाटा गाडीत टाका, विकणाऱ्याला आधी विचारून ठेवा म्हणजे झालं.